फिर्याद कोणी करायची?

दर दिवाळीत भाऊबीजेला मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, जातो. आम्हां सहा भावंडांत ती सर्वांत मोठी आणि मी शेंडेफळ. त्यामुळे तिच्या ओवाळण्यात बहिणीपेक्षा आईचाच भाव अधिक असतो. २०११ सालच्या भाऊबीजेला ओवाळून झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि आमचे दाजी हातातली चकली तशीच ताटात ठेवून म्हणाले, "मास्तर, जरा माडीवर येता का?"

माडीवर एक जुनी ट्रंक होती. वरच आकाशकंदिलाचे रंगीत कागद, आणि त्यांच्या खाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. दाजी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होते. गठ्ठ्यात हजेरीपटांच्या झेरॉक्स प्रती होत्या. २००९ च्या उन्हाळ्यात एका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेल्या मजुरांची नावे, हजेरीचे दिवस, आणि नावापुढे अंगठे. एका नावावर बोट ठेवून दाजी म्हणाले, "ही म्हातारी माझ्या ओळखीची. हिच्या दहाव्याला मी गेलो होतो. रस्ता सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी."

"मग तक्रार का करत नाही तुम्ही?"

"लोकायुक्तांकडे करावी म्हणून कायदा मिळवून वाचला. मला करता येत नाही." त्यांनी एक छापील पान काढले. आरोपाची तक्रार लोकसेवक सोडून इतर कोणत्याही व्यक्तीला करता येईल, अशा अर्थाची ओळ होती. तिच्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. "मी लोकसेवक. तुम्ही खाजगी शाळेतले ड्रॉइंग मास्तर, म्हणजे तुम्ही 'कोणतीही व्यक्ती'. तेव्हा सही तुम्ही करा."

विचार करून सांगतो, असे मी म्हणालो. ज्याला सही करायची असते तो विचार करून सांगतो असे म्हणत नाही, हे दाजींनाही उमगले असावे. ते काही बोलले नाहीत. गठ्ठा बांधला, वर आकाशकंदिलाचे कागद ठेवले आणि ट्रंक लावली.

एखादी गोष्ट करायची टाळायची असली की माणूस वाचनाला लागतो, निदान माझे तरी तसे होते. माझे शिक्षण मॅट्रिक, पुढे चित्रकलेच्या परीक्षा. कायदा म्हणावा तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होता तेवढाच. तरी नगर वाचनालयातून मी पुस्तकांमागून पुस्तके आणू लागलो. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करायचा हक्क आजवर कोणाला होता, आणि कोणाला नव्हता, हे मला पाहायचे होते. आणि पाहता पाहता मी जाऊन पोहोचलो तो थेट क्रॉफर्ड मार्केटात.

मुंबईकर वाचकांनी दिवाळीचा सुकामेवा तिथून कधी ना कधी आणलाच असेल. १८६९ साली उभ्या राहिलेल्या त्या मंडईला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. जुने नाव ज्याचे होते तो आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८६५ साली तो त्या जागेवर आला आणि सहा वर्षे त्याने शहर झाडून काढले. कर्तबगार माणूस, यात शंका नाही. पण हात सढळ; नगरपालिकेचाही आणि स्वतःचाही. नगरपालिकेची तिजोरी त्याने जेरीस आणली आणि स्वतःच्या डोक्यावरचे कर्ज तर पुढे तो जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याच्या मागे गेले.

१८८८ साली हाच क्रॉफर्ड मध्य विभागाचा रेव्हिन्यू कमिशनर म्हणून पुण्यात होता. खानदेश, नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, सातारा एवढा मुलूख त्याच्या हाताखाली. या मुलखातल्या मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या यांत त्याच्या शब्दाला वजन. मामलेदार म्हणजे त्या काळी तालुक्याचा राजाच. वसूल त्याच्याकडे आणि लहानसहान फौजदारी खटलेही त्याच्याचपुढे. परंतु या राजाला रात्री झोप नसे. बदलीचा हुकूम कधी येईल आणि तापाच्या कुठल्या तालुक्यात नेऊन टाकील, याचा भरवसा नव्हता. हुकूम फिरवून घ्यायचा तर साहेबाच्या बंगल्याकडे जाणारी एक वाट होती. त्या वाटेवर हणमंतराव जहागीरदार नावाचे गृहस्थ बसलेले असत. साहेबाला पैसा लागतो, मामलेदाराला बदली नको. मधल्या मध्ये हणमंतराव. ही गोष्ट साऱ्या दख्खनला ठाऊक होती आणि तरी वर्षानुवर्षे तिच्याविषयी एक कागद सरकारदरबारी गेला नव्हता.

का गेला नाही? वाचकहो, इथेच खरी मेख आहे. लाच घेतली जाते हे पाहणारे दोघेच. एक घेणारा, दुसरा देणारा. आणि १८६० च्या पीनल कोडाप्रमाणे देणारा हा गुन्ह्याला साहाय्य करणारा, म्हणजे स्वतःच गुन्हेगार. त्याने कचेरीत जाऊन "साहेबाने माझ्याकडून पैसे घेतले" असे म्हणायचे तर त्याआधी "मी दिले" असे म्हणावे लागे.

शिवाय अधिकाऱ्याची चौकशी ज्या कायद्याने व्हायची तो १८५० सालचा ३७ वा कायदा. तो मी दोनदा वाचला. आरोप करणाऱ्याची त्याने काय बडदास्त ठेवली आहे पाहा. आरोप लेखी हवा. त्यावर शपथ हवी. जाणूनबुजून आणि द्वेषाने खोटा आरोप केला असे ठरले, तर खोट्या साक्षीची शिक्षा. चौकशी चालवण्याचे काम सरकारने आरोप करणाऱ्यावरच सोपवायचे ठरवले, तर त्याने आधी जामीन द्यायचा. कशाबद्दल? तर मी हजर राहीन, खटला अर्ध्यावर टाकणार नाही, आणि उद्या माझ्यावरच कोणी उलट दावा लावला तर त्याला तोंड द्यायलाही सापडेन, याबद्दल. दार बंद नव्हते, एवढे कबूल केले पाहिजे. ते उघडेच होते. उंबरठा मात्र छातीएवढा होता.

तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड रे. त्यांच्या सरकारने चौकशीचे काम पोलिसांचे इन्स्पेक्टर-जनरल ओमनी यांच्याकडे दिले. ओमनींच्या लगेच लक्षात आले की, मामलेदार बोलल्याखेरीज काही हाती लागणार नाही आणि अभय मिळाल्याखेरीज मामलेदार बोलणार नाहीत. म्हणून सरकारने वचन दिले. खरे सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाही आणि नोकरीलाही धक्का लागणार नाही. या एका वचनावर मामलेदारांची तोंडे उघडली. कोणी बढतीसाठी दिले होते, कोणी बदली टाळायला. हणमंतरावांना शिक्षा होऊन ते तुरुंगात गेले. मग खुद्द क्रॉफर्डसाठी तीन सदस्यांचे कमिशन पुण्यात बसले आणि त्याचे काम १८८९ च्या सुरुवातीपर्यंत चालले.

निकाल काय लागला? लाच खाल्ल्याचा आरोप शाबीत झाला नाही! आपल्याच हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढली, एवढे ठरले. क्रॉफर्ड नोकरीतून गेला तो त्यापायी. पुढे विलायतेत त्याने पुस्तके लिहिली. १८९७ सालच्या एका पुस्तकात तर पुण्यातल्या आणि दख्खनातल्या उपद्रवांची मीमांसाही केली. लिहिण्याचा हात त्याला होता, हे मी स्वतः कादंबरीकार असल्यामुळे नाइलाजाने मान्य करतो.

पण साहेबाचे काय झाले यापेक्षा मला त्या मामलेदारांचे काय झाले याची ओढ होती. त्यांची स्थिती मोठी विलक्षण झाली. ज्याने घेतले त्याने घेतल्याचे शाबीत नाही, आणि ज्यांनी दिले त्यांनी दिल्याचे मात्र त्यांच्याच तोंडून शपथेवर लिहून झालेले. इंग्रजी वृत्तपत्रांत ओरड सुरू झाली, आणि ती पार पार्लमेंटात पोहोचली. पैसे देऊन जागा मिळवल्याचे कबूल करणारे हे लोक न्याय करायला बसतात तरी कसे? १८०९ सालचा एक इंग्रजी कायदा शोधून काढण्यात आला. पैसे मोजून जो सरकारी पद मिळवील तो त्या पदाला अपात्र, असा त्याचा आशय. मुंबई सरकारने शब्द दिला होता खरा. पण पार्लमेंटच्या कायद्यापुढे मुंबई सरकारचा शब्द तो किती!

या वेळी मामलेदारांची बाजू घेऊन उभे राहिले 'केसरी'चे संपादक बाळ गंगाधर टिळक. वय तेहतीस. पुढे लोकमान्य झाले ते, पण त्या वेळी हे काम काही लोकप्रिय नव्हते. लाच देणाऱ्यांची तरफदारी कोण करतो? टिळकांचे म्हणणे सरळ होते. हे लोक सोवळे आहेत असे ते म्हणत नव्हते. तुम्ही शब्द दिलात, त्या शब्दावर ते बोलले. आता शब्द मोडाल तर यापुढे या देशात कोणी कोणा साहेबाविरुद्ध साक्ष देणार नाही, हा मुद्दा. १८८९ साली पुण्यात यासाठी जाहीर सभा भरली, आणि विलायतेत पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत प्रकरणाची माहिती पोहोचवण्यात आली. अखेर त्याच साली हिंदुस्थान सरकारला मामलेदारांच्या बचावासाठी खास कायदा करावा लागला. तरीही सगळे वाचले नाहीत. जबरदस्तीने दिले कोणी आणि आपण होऊन दिले कोणी, अशी निवड झाली. काहींना ठेवले, काहींना घरी बसवले. जुलमाने दिलेल्या पैशाचा आणि राजीखुशीने दिलेल्या पैशाचा रंग निराळा कसा ओळखला असेल, हे मला आजवर कळलेले नाही. तापाच्या तालुक्यात बायकामुलांना न्यायला जो घाबरला, त्याने कोणत्या रंगाचे पैसे दिले म्हणायचे?

आता योगायोग बघा. मामलेदारांच्या गळ्याला फास लावायला निघालेला तो कायदा १८०९ चा. त्याच साली तिकडे स्वीडनने आपल्या नव्या राज्यघटनेत अम्बुड्समन नावाचा अधिकारी निर्माण केला. राजाच्या नोकरांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकायची, हे त्याचे काम. आणि गाऱ्हाणे कोणी आणायचे? कोणीही. इंग्लंडला असा अधिकारी नेमायला १९६७ साल उजाडले, आणि तरी इंग्रजांनी आपला शिष्टाचार सोडला नाहीच. नागरिकाने परस्पर जायचे नाही. आपल्या पार्लमेंटच्या सभासदाकडे अर्ज द्यायचा, त्याला योग्य वाटले तर तो पुढे पाठवील. भिक्षेकऱ्याने थेट मालकापुढे जायचे नाही, आधी दिवाणजींना भेटायचे, तसा हा प्रकार.

आपल्याकडे मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासन सुधारणा आयोगाने १९६६ साली केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमावेत असे सुचवले. ओरिसाने १९७० साली कायदा करण्याचा पहिला मान घेतला. पण प्रत्यक्ष लोकायुक्त खुर्चीवर बसवला तो आधी महाराष्ट्राने. १९७१ चा कायदा, १९७२ साली कार्यालय सुरू. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. दाजींच्या गठ्ठ्यातले ते पान याच कायद्याचे होते. पुढे २०२२ च्या डिसेंबरात विधानसभेने नवे विधेयक मंजूर केले. आमची गोष्ट घडली ती जुन्या कायद्याच्या राज्यात.

त्या कायद्यात तक्रारींचे दोन प्रकार होते. एक गाऱ्हाणे आणि दुसरा आरोप. गाऱ्हाणे म्हणजे माझ्यावर अन्याय झाला, माझे काम अडवले. ते ज्याचे त्यानेच आणायचे, आणि कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. तो माणूस वारला असेल किंवा स्वतः येण्यासारखा नसेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने. आरोप म्हणजे अमक्याने पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले. तो करायला आपले काही नुकसान झाले असण्याची अट नाही. मात्र करणारा लोकसेवक नसावा, सोबत प्रतिज्ञापत्र असावे, आणि घटनेपासून तीन वर्षे उलटलेली नसावीत. आणखी एक तरतूद होती, ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. तुरुंगातल्या कैद्याने किंवा वेड्यांच्या इस्पितळातल्या रोग्याने लोकायुक्तांना पत्र लिहिले, तर ते तिथल्या अधिकाऱ्याने न फोडता, विनाविलंब पुढे पाठवायचे. किती सुंदर कलम! ज्याने ते लिहिले त्याने कोठडीतल्या माणसाचा विचार केला होता. कचेरीतल्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा मात्र केला नव्हता. किंवा केला होता, आणि हाताखालचे लोक वरिष्ठांवर सूड उगवतील या भीतीने त्याला मुद्दाम बाहेर ठेवले होते. भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. मास्तरांच्या खोलीत हेडमास्तरांविषयी काय काय बोलले जाते हे मी रोज ऐकतो, आणि त्यातले निम्मे बढती न मिळालेल्या माणसाचे असते. पण उरलेले निम्मे?

त्या उरलेल्या निम्म्याला वाट करून देण्यासाठी एक तरणाबांड इंजिनिअर जीवानिशी जावा लागला. सत्येंद्र दुबे त्याचे नाव. राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर तो झारखंडात कोडरम्याला होता. कामातली लबाडी त्याने थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहून कळवली आणि माझे नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तो लुटारूंनी केला असे न्यायालयात ठरले. लोकांच्या मनातून मात्र ते पत्र गेले नाही. २००४ च्या एप्रिलात केंद्र सरकारने ठराव काढला. सरकारी नोकरालाही तक्रार करता येईल, ती बंद पाकिटातून केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाईल, पाकिटावर नाव नको पण आत हवे, निनावी कागद विचारात घेतला जाणार नाही, आणि नाव उघड होणार नाही. पण हा ठराव केंद्राच्या कारभारापुरता. आमचे दाजी राज्याचे. राज्यांनाही लागू होईल असा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, आणि तो अमलात कधी यायचा ती तारीख ठरवण्याचे काम वर्षानुवर्षे पडून राहिले.

आणि त्या मामलेदारांचे वारस? १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात त्यांच्यासाठी एक कलम आले. अधिकाऱ्याविरुद्धच्या खटल्यात "मी लाच दिली" असे सांगणाऱ्यावर त्या सांगण्यापायी खटला होणार नाही. २०१८ साली ते काढून टाकले. आता ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास करणाऱ्या खात्याला कळवले तर तो सुटतो. सात दिवस! मामलेदारांना धीर एकवटायला वर्षे लागली होती, आणि तीही सरकारने आपण होऊन दार ठोठावल्यावर.

असो. मी पुस्तकांत रमलो आणि इकडे २०१२ साल लागले. रस्त्याचे काम २००९ च्या मे महिन्यातले; तीन वर्षे भरायला थोडे दिवस उरले होते. फेब्रुवारीत मी मनाचा हिय्या करून तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करू की. यातलं स्वतः पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, ते वेगळं लिहायचं. ऐकलं असेल तर कोणाकडून, तेही लिहायचं."

"नाव लिहायलाच हवं?"

"मग काय, आकाशवाणी झाली म्हणून लिहायचं?"

मी चहा पिऊन परत आलो. म्हातारीला मी ओळखत नव्हतो, तिच्या दहाव्याला मी नव्हतो, हजेरीपट माझ्या टेबलावर आला नव्हता. ज्याला माहीत होते त्याला हक्क नव्हता. ज्याला हक्क होता त्याला काही माहीत नव्हते. आणि माहिती कोणाकडून आली हे सांगताच दाजींची नोकरी टांगणीला लागणार होती. लाचलुचपत खात्याकडे जायला दाजींना कोणाची बंदी नव्हती, हेही खरे. पण अक्काची धाकटी लग्नाची होती आणि नाव झाकले राहील याची खात्री कोण देणार, असे ते म्हणत. हे सगळे खरे असले तरी सही मी केली नाही, हेही तितकेच खरे आहे. कारणांची भर मी मागाहून घातली. मेच्या सुटीत मी नव्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो. त्यात हजेरीपट आला, अंगठा आला, दहावाही आला. त्याच सुटीत मुदत संपली.

पुस्तक छापून आल्यावर दाजींनी ते दोन दिवसांत वाचून काढले. म्हणाले, "बरं आहे मास्तर, कादंबरीला प्रतिज्ञापत्र लागत नाही."

२०१६ साली दाजी निवृत्त झाले. सत्काराचा नारळ आणि शाल घेऊन घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. शाल अक्काच्या हाती देऊन ते माझ्याकडे वळले. "मास्तर, आजपासून मी 'कोणतीही व्यक्ती'." आणि बोटांवर वर्षे मोजू लागले; नऊ, दहा, अकरा... सोळापर्यंत मोजून थांबले.

गेल्या भाऊबीजेला मी गेलो तेव्हा माडीवरची ट्रंक खाली आणलेली होती. दाजींची नात आकाशकंदील करायला बसली होती. तिला सुतळी हवी होती, म्हणून तिने गठ्ठ्याची सोडवून घेतली होती. मोकळे झालेले कागद पाहून तिने विचारले, "आजोबा, ही कसली यादी?"

"हजेरी आहे, बाळ."

हजेरी म्हटल्यावर तिला शाळा आठवली. चष्म्याऐवजी बोटांची वर्तुळे डोळ्यांना लावून ती आमच्यापुढे बाई होऊन उभी राहिली आणि एकेक नाव मोठ्याने पुकारू लागली. दाजी पहिल्या दोन-तीन नावांना हसून "हजर" म्हणाले. मग त्या म्हातारीचे नाव आले. दाजींनी माझ्याकडे पाहिले. पोरीने क्षणभर वाट पाहिली आणि पुढचे नाव घेतले.